एक मूठ तांदूळ

दिवेलागणीची वेळ. चूल पेटली आहे. लेक तांदूळ काढायला बसली आहे. ती विचारते, "माय, किती टाकू वं?"

माय म्हणते, "तीन गिलास टाक. अन् वरून एक मूठ टाक. कोनी पावना आला त उपाशी जाईल का?"

त्या रात्री पाहुणा आला नाही. जेवणे झाली. भात उरला. गंजावर झाकण ठेवून सगळे झोपले. सकाळी झाकण काढले तर भाताला आंबूस वास येत होता. मायने तो अंगणात कोंबड्यांपुढे टाकला. "वाया कुठं गेला? कोंबड्यांनी खाल्ला नं," असे ती म्हणाली.

असे आपल्या सगळ्यांच्याच घरी होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण ही एक मूठ आपण एकदा नीट मोजून पाहू.

मोठ्या माणसाची एक मूठ तांदूळ सुमारे 40 ग्रॅम भरतो. दुकानातल्या काट्यावर तुम्ही स्वतः मोजून पाहा. कोणाची मूठ 35 भरेल, कोणाची 50. आपण 40 धरू. दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे 80 ग्रॅम. तीस दिवसांचे झाले 2 किलो 400 ग्रॅम. वर्षाचे झाले 29 किलो.

आता रेशन आठवा. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. घरात सहा माणसे असली तर 30 किलो. म्हणजे रोजची ती वरची मूठ वर्षाअखेर जवळजवळ एका महिन्याचे रेशन होऊन बसते. बारा महिने आपण पिशवी घेऊन जातो, आणि खातो मात्र अकरा महिन्यांचे.

तुम्ही म्हणाल, "रोज थोडाच उरतो? कधी पोरे जास्त जेवतात, कधी पाहुणा खरेच येतो." खरे आहे. मग निम्मेच दिवस धरा. तरी साडेचौदा किलो झाले.

कोणी म्हणेल, "रेशन तर 2023 पासून फुकट आहे. फुकटातले गेले तर आपले काय गेले?" हा हिशेब चुकतो. रेशनचा तांदूळ महिनाभर पुरतो का? बहुतेक घरांत तो वीस-पंचवीस तारखेला संपतो. मग उरलेले दिवस दुकानातून विकत आणावा लागतो. म्हणजे जी मूठ वाया गेली ती फुकटातली नव्हे, ती शेवटी विकत आणलेल्यातलीच. समजा दुकानात 40 रुपये किलोचा भाव आहे. वर्षाचे 1,160 रुपये झाले. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घालून हिशेब करा. पाटी-पेन्सिल घेऊन केलात तर फारच चांगले.

आणि भात नुसत्या तांदळाचा होत नाही. त्याला सरपण लागते. ते कोठून येते ते आपल्याला माहीत आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागात सरपणाला आणि मोहफुलाला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. ज्या घरचे माणूस गेले त्या घराला विचारा, एका मोळीची किंमत काय. उरून फेकलेला भातही त्याच मोळीवर शिजलेला असतो.

ही गोष्ट आपल्याच मुलखाची आहे असे नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2024 साली एक अहवाल छापला. 2022 या एका वर्षात सगळ्या जगात मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले असा त्यात अंदाज आहे. मला वाटत होते की यातले बहुतेक मोठमोठ्या हॉटेलांतले आणि दुकानांतले असेल. तसे नाही. त्यातले 60 टक्के घराघरांतले आहे. म्हणजे जगभरच्या माया असेच म्हणत असतील, वरून एक मूठ टाक!

मग पाहुण्याचे काय करायचे? पाहुण्याला उपाशी पाठवा असे हे पुस्तक कधीच सांगणार नाही. पण पाहा, भात शिजायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पाहुणा आला की पाय धुतो, पाणी पितो, पाऊसपाण्याची, शेताची गोष्ट करतो. तेवढ्यात त्याच्यापुरता ताजा भात होतो. वरणात एक तांब्या कढत पाणी आणि चिमूटभर मीठ-तिखट वाढवले की तेही पुरते. न आलेल्या पाहुण्यासाठी रोज शिजवण्यापेक्षा आलेल्या पाहुण्यासाठी ताजे शिजवावे. त्यातच त्याचा मान आहे. घरात मोजायला एकच गिलास ठरवून ठेवा. आज पितळेचा, उद्या स्टीलचा, असे झाले की अंदाज चुकतो. आठ दिवस किती टाकले आणि किती उरले याकडे लक्ष दिले की हाताला आपोआप कळू लागते.

पण सगळी नासाडी चुलीजवळच होते असेही नाही. बरेच धान्य शिजण्याआधीच जाते. ते गुपचूप जाते म्हणून आपल्याला दिसत नाही.

धान घरी आल्यावर तो ढोल्यात किंवा कणगीत भरतो. त्यात सोंडे होतात, उंदीर शिरतो, नाही तर खाली ओल लागून बुरशी धरते. यातले पहिले कारण ओल. धान ओला भरला की पुढे काहीच उपाय चालत नाही. वाळला की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. एक दाणा दाताखाली धरा. 'कट्' असा आवाज होऊन तुटला तर वाळला. नुसता चेपला तर अजून ऊन पाहिजे. धान पातळ पसरावा आणि मधून मधून पायाने परतावा. मात्र कडक उन्हात नुसता टाकून शेतावर निघून जाऊ नये. एकदम तापलेल्या दाण्याला आतून चिरा पडतात. असा धान गिरणीत नेला की तांदूळ कमी आणि कनकी जास्त निघते. चांगल्या धानाचा 100 किलोला सुमारे 67 किलो तांदूळ धरतात. सरकारी खरेदीतला हिशेबही तोच आहे. त्यात कनकी किती निघणार ते पुष्कळसे वाळवण्यावर अवलंबून असते. आंबिलीला कनकी चांगली, कोंबडीच्या पिलांनाही चांगली. पण बाजारात तिला तांदळाचा भाव मिळत नाही.

वाळलेला धान गरम असताना भरू नये. संध्याकाळी सावलीत निवू द्यावा. गरम धान बंद केला तर त्याची वाफ वर जाऊन थंड होते, तिचे पाणी होते, आणि वरचा थर भिजतो. कणगीच्या वरच्या थराला बुरशी का लागते असा प्रश्न पडत असेल, तर त्याचे एक कारण हेच.

आता सोंड्याचे ऐका. पुष्कळ लोक समजतात की सोंडे धान्यातून आपोआप निर्माण होतात. तसे नसते. सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अशी एकच मादी तीनशेपर्यंत अंडी घालते. अळी दाण्याच्या आत बसून दाणा पोखरते. आपल्याकडच्या उकाड्यात महिनाभरात तिचा सोंडा होतो आणि तो भोक पाडून बाहेर येतो. म्हणून आज तांदूळ स्वच्छ दिसतो आणि महिन्याने त्यात सोंडे चालताना दिसतात. ते आधीच आत होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की जुना आणि नवा धान्यसाठा एकत्र करू नये. ढोला पूर्ण रिकामा करून, झाडून, उन्हात तापवून, चिरा शेणामातीने लिंपून मगच नवा धान भरावा. तळाशी राहिलेले मूठभर जुने दाणे नव्या सगळ्या धानाला कीड लावतात. दुसरी गोष्ट अशी की धानावर तूस असते तोवर सोंड्याला दाण्यात शिरणे कठीण जाते. तूस काढले की वाट मोकळी. म्हणून वर्षाचा सगळा धान एकदम कांडून आणू नये. एक-दोन महिने पुरेल एवढाच गिरणीत न्यावा. जाण्या-येण्याचा त्रास थोडा वाढतो हे कबूल. पण धान घरात टिकतो, तांदूळ टिकत नाही.

ढोला जमिनीवर ठेवू नये, लाकडी फळ्यांवर किंवा दगडांवर ठेवावा. भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. उंदराला भिंत आणि ढोला यांच्यामधली फट फार आवडते. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतात, त्याचा थोडा उपयोग होतो. पण ओल्या धानाला पाला वाचवत नाही. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका. त्यांतून निघणारा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. रात्री झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. धान्य वाचवायला जाऊन लेकरे गमावू नयेत.

तांदळात सोंडे झालेच तर तो फेकायचे कारण नाही. चाळून, अर्धवट सावलीत पसरून ठेवा. सोंडे आपणहून निघून जातात. मग निवडा, धुवा आणि शिजवा. पण दाण्यांवर हिरवी-काळी बुरशी असेल, कुबट वास येत असेल, तर तो तांदूळ खाऊ नका. काही बुरशींत विष असते आणि ते शिजवल्याने जात नाही.

दाणा जपण्याची गोष्ट निघाली म्हणून आठवले. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे 1983 साली आपल्या धानात फिरत होते. त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर सगळ्यांबरोबर झोडून मोकळा झाला असता. त्यांनी त्या वेगळ्या जपून ठेवल्या आणि पुढच्या साली वेगळ्या पेरल्या. त्यातून जो तांदूळ झाला तो म्हणजे आज दूरदूरच्या बाजारांत विकला जाणारा एचएमटी. दादाजी 2018 साली वारले. त्यांच्याकडे शेती थोडीच होती. दाण्याकडे बघायची नजर मात्र मोठी होती.

आता रेशनच्या तांदळातल्या एका दाण्याविषयी बोलू, कारण त्याच्याबद्दल गावोगाव गैरसमज आहे. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात मधून मधून थोडे वेगळ्या रंगाचे दाणे येऊ लागले. 2019 साली सरकारने 15 राज्यांतून एकेक जिल्हा या योजनेसाठी निवडला, त्यात महाराष्ट्रातून आपला गडचिरोली होता. बाया तांदूळ निवडायला बसल्या आणि म्हणाल्या, "हे प्लास्टिकचे दाणे आहेत." काही दाणे धुताना पाण्यावर तरंगले, तेव्हा तर खात्रीच पटली. मग ते वेचून उकिरड्यावर गेले.

ते प्लास्टिक नव्हते. तांदळाचे पीठ करतात, त्यात लोह आणि रक्त वाढायला लागणारी जीवनसत्त्वे मिसळतात आणि यंत्रातून त्या पिठाचे परत दाणे पाडतात. असा एक दाणा साध्या शंभर दाण्यांमागे घालतात. आपल्या भागात बाया आणि लहान मुले यांच्या अंगात रक्त कमी असते, म्हणून ही योजना. तुमच्या तांदळात असे दाणे दिसले तर थोडे वेगळे शिजवून बघा. ते मऊ होतात, बोटाने चिरडले की पीठ होते. प्लास्टिक असे होत नाही. वेचून टाकलेला हा दाणा म्हणजे दवाखान्यातली गोळी टाकून देण्यासारखे आहे. मात्र घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर त्याने हा तांदूळ खावा का हे आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहिले.

तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुतला की त्यातला कस पाण्याबरोबर जातो. शिजल्यावर वरचे पाणी ओतून टाकले तर आणखी जातो. आटेल एवढेच पाणी ठेवावे. जास्त झालेच तर ती पेज मीठ घालून प्यावी. आजारी माणसाला तर ती आवर्जून द्यावी.

बरे, इतके करूनही रात्री भात उरला. मग?

जुन्या बाया हा भात मडक्यात पाण्यात ठेवत आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खाऊन रानात जात. ही रीत शहाणपणाची आहे, पण तिला वेळेचे बंधन आहे. जेवण झाल्यावर भात तासन्‌तास गरम गंजात झाकून ठेवू नये. कोमट भातात जंतू फार लवकर वाढतात. यातल्या काही जंतूंची बीजे भात शिजला तरी मरत नाहीत, आणि त्यांनी एकदा विष सोडले की पुन्हा उकळूनही ते जात नाही. "उकळून घेतलं म्हणजे झालं," हा समज खरा नाही. म्हणून उरलेला भात लगेच परातीत पसरून निववा. मग स्वच्छ थंड पाणी घालून, झाकून, घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवा. सकाळी पहिल्या न्याहारीला संपवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत रात्रीचा भात दुपारपर्यंत ठेवूच नये. भात चिकट झाला, तार सुटली, वास बदलला, तर हळहळ न करता टाकून द्या. लहान लेकराला आणि बाळंतिणीला असा भात देऊच नका. दवाखान्याच्या एका फेरीत वर्षभराची बचत जाते.

भाजीची गोष्ट थोडी निराळी. आठवडी बाजारात दिवस मावळता मावळता भाजी स्वस्त होते. विकणाऱ्याला परत न्यायची नसते. तो म्हणतो, "घेऊन जा बाई, दहा रुपयांत सगळं." आपण टोपलीभर टमाटे घेतो. तिसऱ्या दिवशी निम्मे सडतात. स्वस्त घेतले असे वाटते, पण निम्मे सडले म्हणजे भाव दुप्पट पडला. स्वस्त जरूर घ्या, पण घरी आल्यावर त्याच रात्री निवडा. फुटके, डागी आधी वापरा. एक सडका टमाटा शेजारच्या चांगल्यांना सडवतो.

कोरड्या उन्हाळ्यात एक सोपा उपाय करता येतो. मातीच्या मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवा. दोघांच्या मधल्या जागेत वाळू भरा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. लहान मडक्यात भाजी ठेवून वर ओले फडके झाका. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आत गारवा राहतो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. पावसाळ्यात मात्र हे चालत नाही. हवाच ओली असली तर पाणी उडणार कसे?

आणि वाळवण तर आपल्या मुलखाला शिकवायलाच नको. हरभऱ्याचा पाला, अंबाडी, वांग्याच्या फोडी, वास्ते, मासळी, सगळे वाळते. पण अलीकडे वाळवण कमी झाले आहे. "दुकानात मिळते ना," असे म्हणतात. मला हे काही पटत नाही. फेब्रुवारीत टमाटे मातीमोल होतात तेव्हा त्यांच्या फोडी करून मीठ लावून वाळवल्या, तर पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा त्याच फोडी वरणात पडतात. पातळ कापड वर टाकावे, माशी बसू देऊ नये. पूर्ण कडकडीत झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरावे.

राहिली पंगत. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, रात्री नाटके होतात, लेकी-जावई येतात. पुढे लग्ने येतात, तेरव्या तर बाराही महिने असतात. अशा वेळी वाढणारा आग्रहाने ढीग वाढतो आणि जेवणारा अर्धे पत्रावळीवर टाकून उठतो. पत्रावळीवरचे अन्न परत कोणाच्या उपयोगाचे नसते. भांड्यातले असते. तेव्हा थोडे वाढा आणि दहा वेळा फिरा. लेकरांच्या पानात तर दोनच घास वाढा. संपले की ती स्वतः हाक मारतात.

आणि पंगत उठल्यावर उरलेला भात बैलापुढे ओतायची जी सवय आहे, ती सोडा. बैलाचे पोट तणसीसाठी आहे. एकदम पाटीभर भात खाल्ला की त्याच्या पोटात आंबट होते, रवंथ थांबते, पोट फुगते. एक-दोन दिवसांत चांगला जोडीचा बैल मरतो. द्यायचाच असेल तर मूठ-दोन मूठ, तणसीत मिसळून, चार जनावरांत वाटून द्या. चुकून जास्त खाल्ला आणि बैल रवंथ करीनासा झाला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा आणि किती भात खाल्ला ते त्याला खरे सांगा.